गारठ्यातला घाम

"हे बघा, घाम बघा माझ्या नातवाचा!"

आप्पांनी बाळाला दोन्ही हातांवर उचलून गिऱ्हाइकापुढं धरलं. "अजून मान धरलेली न्हाई, आन् दूध पितानाच डोस्कं भिजवून बसतंय. भट्टीवाल्याचं रक्त हाय. ह्ये बसून खानारं न्हवं."

गिऱ्हाईक म्हणजे सावळजचा एक दुकानदार. गावच्या यात्रेसाठी चिरमुऱ्याची पोती न्यायला आला होता. तो म्हणाला, "मग आप्पा, झारा द्या की आत्ताच हातात."

"दिला असता. सून देईना."

सगळे हसले. मीही हसलो. माझी बायको मालन मधल्या दारात उभी होती. ती हसली नाही. तिनं पुढं होऊन बाळ घेतलं, पदरानं त्याचं डोकं पुसलं आणि आत गेली.

चैत्र चालू होता. आमच्या तासगावच्या बाजूला चैत्र-वैशाख म्हणजे यात्रांचे दिवस. आज या गावची, उद्या त्या गावची. यात्रा म्हटली की चिरमुरे आले, बत्तासे आले. त्यामुळं आमची भट्टी पहाटे पेटायची ती दिवस मावळेपर्यंत. भट्टी आणि आमचं राहतं घर यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीला पाठ टेकली की चटका बसायचा. वर पत्रा, बाहेर ऊन. पाणी प्यायलं की तेवढंच पाणी अंगातून बाहेर यायचं.

ही भट्टी माझ्या आजोबांनी, पिराजीनं, बांधलेली. रात्री भुशाच्या राखेखाली निखारा झाकून ठेवायचा आणि पहाटे त्याच निखाऱ्यावर जाळ करायचा, ही आमच्या घरची रीत. "माझ्या बानं पेटवलेला विस्तव अजून विझलेला न्हाई," असं आप्पा येईल त्याला सांगायचे. नातू झाला तेव्हा नावही त्यांनी पिराजीच ठेवायला लावलं. आम्ही पिरा म्हणायचो.

तापलेल्या वाळूत हात घालून घालून आप्पांच्या बोटांची कातडी मेली होती. गरम-गार, ओलं-सुकं बोटांना काही कळायचं नाही. तांदळाला लावायच्या पाण्यात मीठ बरोबर पडलंय का, हे मात्र ते बोट बुडवून जिभेला लावून सांगायचे. त्यात त्यांची चूक कधी कुणी बघितली नाही. "हात मेला तरी चालंल, जीभ जित्ती पायजे," म्हणायचे.

दुपारी मी पोती शिवून हातपाय धुवायला आत गेलो, तर मालन म्हणाली, "जरा हितं बसा."

"का गं?"

"ह्याला पाजतीया. नुस्तं बगा."

मी बसलो. पिरा भुकेला होता. छातीशी घेतल्याबरोबर त्यानं चार घोट ओढले आणि सोडून दिलं. धाप लागल्यागत करायला लागला. पोट भात्यासारखं वरखाली व्हायचं. मग परत तोंड लावलं, परत दोन घोट, परत सोडलं. तेवढ्यात त्याच्या कपाळावर घाम उभा राहिला. वरच्या ओठावर थेंब आले. केस टाळूला चिकटले. पुरतं पोट भरायच्या आतच तो दमून झोपला.

"बगितलं?" मालन म्हणाली. "आता अर्ध्या घटकंत उठंल आन् भुकंनं रडंल. मी परत घीन, ह्यो परत दमंल. दीसभर ह्येच."

"उकाडा हाय गं. मला बी घाम आलाय बघ."

"तुमी पोती उचलून आलाय. ह्यानं काय उचललंय?"

मी पंचानं तोंडावरचा घाम पुसला.

"निजला असला की कोरडा असतोय," ती म्हणाली. "रडरड रडला तरी कोरडा. निस्तं पितानाच भिजतंय. आन् हात लावून बगा, घाम ऊन न्हाई. गार हाय."

मी हात लावून बघितला. गार होता.

मालन आता नाही. ती असती तर हे सगळं तिनं माझ्यापेक्षा नीट सांगितलं असतं. त्या वेळी आमच्या घरात काय चाललं होतं ते तिलाच दिसत होतं. आम्ही बाकीचे चिरमुरे भाजत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिराला घेऊन बाजारपेठेतल्या मुळीकबाईंच्या दवाखान्यात गेलो. बाई फटकळ, पण हाताला गुण होता. आत गेल्या गेल्या त्यांनी पिराच्या अंगावरचं दुपटं काढलं, मग कुंची काढली, मग झबलं काढलं, त्याच्या खाली अजून एक झबलं निघालं.

"हे काय, कांदा सोलतेय का मी?" बाई म्हणाल्या. "ह्या दिवसांत एवढे कपडे?"

"मोठी माणसं म्हणत्यात, बाळाला वारं लागंल," मालन म्हणाली.

"मोठ्या माणसांना घाल ही कुंची आणि बसव भट्टीपुढं. मग विचार वारं हवंय का." बाईंनी पिराच्या पाठीवर हात फिरवला. "काय होतंय?"

मालननं सांगितलं. घाम म्हणाली, दम म्हणाली, मध्येच सोडून देणं म्हणाली. बाई ऐकत होत्या. नंतर त्यांनी त्याला काट्यावर ठेवलं.

"जन्माला किती भरला होता?"

मालननं सांगितलं. बाईंनी काट्याकडं परत एकदा बघितलं. त्याला उचललं, काटा हलवून बघितला आणि परत ठेवला. छातीला नळी लावली तसा पिरा किंचाळायला लागला. गार नळी, अनोळखी बाई. मालननं गप्प करायचा प्रयत्न केला, पण तो आणखीच चेकाळला. बाईंनी दोनदा नळी लावली, दोनदा काढली.

"ह्या रडण्यात मला नीट काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "हे बघ पोरी, पिताना बाळाला घाम येतो, तो बहुतेक वेळा साधा असतो. कपडे जास्त असतात. खोली तापलेली असते. आईच्या कोपरात डोकं तासभर दाबलेलं असतं, तिचं अंग ऊन, त्याचं अंग ऊन. नाक चोंदलेलं असेल तर पिताना झटावं लागतं, त्यानंही येतो. ताप उतरताना येतो. ह्यातलं काही असलं तर घाबरायचं कारण नाही."

"आन् ह्यातलं न्हसलं तर?" मालननं विचारलं.

बाई हात पुसत होत्या. "दूध पिणं हे एवढ्या जिवाला मोठं कष्टाचं काम असतं. आपण डोंगर चढतो तसं. काळीज धड असलं की ते काम निभतं. काळजात काही कमी असलं तर पोर दमतं, घाम येतो, वजन धरत नाही. वजन मला आवडलेलं नाही ह्याचं. मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

"कवा?" मी विचारलं.

"कधी म्हणजे? उद्या." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "भट्टीचे दिवस आहेत, माहीत आहे मला. निदान एवढं करा. गार जागेत, पातळ एका झबल्यात, नाक साफ करून पाजून बघा. तिथं कोरडा राहिला तर चार दिवस थांबा. तिथंही घाम आला, तर मग यात्रा बघू नका आणि जत्रा बघू नका. त्याच दिवशी गाडी धरा."

गार जागा. बाईंनी सोपं करून सांगितलं होतं. दवाखान्यातून बाहेर पडलो तर रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं.

घरी आल्यावर मी आप्पांना सांगितलं. ते झाऱ्यानं वाळू हलवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काळीज?" ते म्हणाले. "माझ्या नातवाचं काळीज? अरं सदा, माझा बा जेवाय बसला की भाकरी खाता खाता घामानं भिजायचा. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायचा आन् परत खायाचा. ह्येच्या घामात काळीज कुठनं आलं? वळण हाय ते. पणजाच्या वळणावर गेलंय पोरगं."

"वजन वाढलं न्हाई, आप्पा," मालन आतून म्हणाली. ती आप्पांच्या पुढं कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"उकाड्यानं दूध जिरत न्हाई. उकाडा सरंल, वाढंल." आप्पांनी वाळू उपसली, चाळणीत चिरमुरे उसळले. "मिरजंला जायाचं न्हाई असं कुटं म्हनतोय मी? सावळजची यात्रा होऊ दे, मनेराजुरीची होऊ दे. मग तुमीच न्हवं, मी बी येतो."

"बाईनी सांगितलंय, गार जागंत पाजून बगा म्हणून," मालन म्हणाली.

"मग बगा की. कुनी धरलंय?"

पण बघायचं कुठं? घर तसं. शेजारचं घर तसं. वीज दुपारी जायची ती दिवेलागणीला यायची. मालनचं माहेर जतच्या बाजूला, तिथं आमच्यापेक्षा ऊन. देवळात बघितलं तर फरशी गार, पण वारा गरम. ओढा आटलेला. दोन दिवस मालन गार जागा शोधत होती. विहिरीच्या पायरीवर बसून पाजलं, तिथं पिराला घाम आला. आप्पा म्हणाले, "पायरीवर ऊन येतंय की." चिंचेच्या सावलीत पाजलं, तिथंही आला. आप्पा म्हणाले, "झळा लागत्यात." त्यांचंही खोटं नव्हतं. झळा लागतच होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तातू आला. तातू मालनचा धाकटा भाऊ. तासगावातच बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हमाली करायचा आणि अधूनमधून आमच्याकडं चिरमुरे खायला यायचा. आत गारठ्यात काम, त्यामुळं भर चैत्रात त्याच्या अंगात लोकरीचा स्वेटर आणि काखेत कानटोपी. गावातली पोरं त्याला बघून "थंडी वाजती का तातूमामा?" म्हणून ओरडायची.

आप्पांनी त्याला बघितलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "या, हिमालयवाले! काय म्हंतोय बर्फ?"

"आप्पा, एक दीस चला आत. भट्टीचा सगळा ताव उतरवतो तुमचा."

मालन परातीत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"तातू," ती म्हणाली, "बाळाला घीऊन मला आत सोडशील?"

"आत? अगं आक्का, आत पेट्या हायत बेदाण्याच्या. तितं मानूस जास्त वेळ टिकत न्हाई."

"पार आत न्हाई. दाराच्या अलीकडं कुटं गार असंल की न्हाई?"

तातूनं डोकं खाजवलं. दोन दारांच्या मध्ये एक बोळ होता, तिथं पेट्या आत न्यायच्या आधी ठेवायचे. तिथं गार होतं, पण आतल्यासारखं कडक नव्हतं. "मॅनेजर जेवाय जातोय तवा जमंल," तो म्हणाला. "पन पोराला गारठा लागला तर दाजी मला सोलतील."

"मी न्हाई सोलत," मी म्हणालो.

मला वाटलं आप्पा भडकतील. ते झारा ठेवून उठले, कमरेला गुंडाळलेलं फडकं सोडलं.

"मी बी येतो," ते म्हणाले. "एकदाच काय त्ये बगून टाकू. तितं पोरगं कोरडं निगालं, की परत माज्या भट्टीचं आन् माज्या वळणाचं नाव कुनी काडायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मालन म्हणाली. "कोरडंच निगू दे, आप्पा. मी तुमच्या पाया पडंन."

वाटेत ती पिराला पोटाशी धरून भरभर चालत होती. एका हातानं तिनं गळ्यातल्या मण्यांना धरलं होतं आणि ओठ हलत होते. तिला आपलं खरं व्हावं असं वाटत नव्हतं. आपण चुकावं, आप्पा बरोबर निघावेत, म्हणून ती देवाला विनवत होती. हे तिनं मला नंतर सांगितलं.

मॅनेजर जेवायला गेल्यावर तातूनं बाहेरचं जाड दार ओढलं. आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. उन्हातून आल्यामुळं डोळ्यांपुढं अंधारी आली. पिवळा दिवा, ओल्या भिंती, बेदाण्याचा गोड वास आणि त्यात गंधकाचा उग्र वास. आतल्या दाराच्या फटीतून गार हवा पायावर येत होती. आप्पांनी उघड्या दंडांवर हात घासले.

"हितं रोज येतोस?" त्यांनी तातूला विचारलं.

"रोज."

"येडा हायस."

तातूनं एक रिकामी पेटी उपडी ठेवली, तिच्यावर पोतं घातलं. मालन बसली. पण तिनं पिराला लगेच घेतलं नाही. आधी त्याचं डोकं, मान, पाठ कोरड्या फडक्यानं पुसून काढली. बाईंनी सांगितल्याप्रमाणं अंगात एकच पातळ झबलं ठेवलं. आणि मग तशीच थांबली.

"पाज की," आप्पा म्हणाले.

"वाईच थांबा. वाटंचा ऊनपणा जाऊ दे. मागनं कुनी म्हनाय नको."

पिरा भुकेनं मुठी चोखत होता. आम्ही तिघे उभे. तातूनं आपली कानटोपी काढून आप्पांना दिली, आप्पांनी ती नको म्हणून सारली. मला हुडहुडी भरायला लागली होती. सदरा घामानं ओला होता, तो पाठीला बर्फासारखा लागत होता. मालनच्या हातांवरचे केस उभे राहिलेले मला दिसले.

मग तिनं पदर ओढून त्याला घेतलं. बाळाचं अंग पदरात झाकलं, फक्त कपाळ उघडं ठेवलं. आप्पा आणि तातू भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी तिच्यासमोर बसलो.

पिरानं ओढायला सुरुवात केली. चार घोट. सोडलं. धापा टाकल्या. परत धरलं.

कपाळ कोरडं होतं.

"कोरडं हाय," मी म्हणालो.

"सांगत हुतो मी," भिंतीकडूनच आप्पा म्हणाले.

मालन कपाळाकडं बघत होती. पिरानं परत सोडलं, परत धरलं. आता त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या. मी दिव्याचा उजेड अडवत होतो म्हणून बाजूला सरकलो. तेव्हा दिसलं. केसांच्या कडेला बारीक काहीतरी चमकलं. आधी मला वाटलं, भिंतीवरचं पाणी उडालं असेल. मग दुसरं दिसलं. मग वरच्या ओठावर. मग सगळं कपाळ भरून आलं, आणि एक थेंब भुवईवरून घसरून कानाकडं गेला.

बाहेर सबंध तासगाव उन्हात भाजत होतं आणि आत आम्ही चार मोठी माणसं कुडकुडत होतो.

मालननं त्याला छातीपासून बाजूला केलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "आप्पा, बगा."

आप्पा वळले. खाली वाकले. त्यांनी पिराच्या कपाळावरून बोट फिरवलं. बोट बघितलं. त्या मेलेल्या बोटाला काय कळणार? परत फिरवलं.

"भिंतीचं पानी गळतंय हितं," ते म्हणाले. "वरनं थेंब पडला असंल."

वर बघितलं तर छत कोरडं होतं.

मग आप्पांनी ते बोट जिभेला लावलं.

रोज पहाटे पाण्याचं मीठ बघायचे तसंच. तसेच डोळे मिटले. तसेच क्षणभर थांबले. मग डोळे उघडले आणि पिराकडं बघत राहिले.

"खारट हाय," ते म्हणाले.

तातूनं दार उघडलं. उन्हाचा लोट आत आला. आप्पा बाहेर आले आणि पायरीवर बसले. मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो. बराच वेळ ते आपल्या तळव्यांकडं बघत होते.

"सदा," ते म्हणाले, "माझा बा जेवता जेवताच गेला. तुला सांगितलं नव्हतं कदी. हातात भाकरीचा तुकडा तसाच. सगळं आंग घामानं थबथबलेलं. आमी म्हनलं, भट्टीचा ताव लागला. सगळा गाव म्हनला, भट्टीचा ताव लागला." ते उठले. "गाडी कितीची हाय मिरजंची?"

आम्ही त्याच दिवशी गेलो. आप्पाही आले. अंगात भट्टीवरची तीच राखेनं माखलेली बंडी. मिरजेच्या डॉक्टरांनी पिरा झोपल्यावर छाती ऐकली, फोटो काढला, मशीन लावलं. मग कागदावर काळजाचं चित्र काढून दाखवलं. मधल्या पडद्याला भोक होतं. मोठं होतं. ऑपरेशन मुंबईला. पण एवढ्याशा जिवाला ते झेपायचं नाही, आधी थोडं वजन भरू दे, म्हणाले. औषधाचे थेंब दिले. ओढून प्यायला लावू नका, दूध काढून वाटी-चमच्यानं द्या. थोडं थोडं, सावकाश. आणि घरात गार असू दे.

आप्पांनी विचारलं, "माज्या बाकडनं आलंय का ह्ये?"

डॉक्टर तरुण होते. "ते आता कसं सांगणार, आजोबा?" म्हणाले.

परत आलो तेव्हा दिवस मावळतीला होता. कामाला ठेवलेला गडी भट्टी राखत होता. आप्पांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. मला वाटलं, निखारा झाकायला गेलेत. त्यांनी तांदळाला लावायच्या पाण्याची घागर उचलली आणि भट्टीच्या तोंडात ओतली. मग दुसरी. पेटत्या भट्टीत पाणी घालायचं नसतं, ती तडकते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. वाफेनं सगळी पडवी भरली, आणि आतून काडकन आवाज आला. उभी चीर वरपासून खालपर्यंत गेली. आप्पा ती बघत राहिले आणि खोकत बाहेर आले.

"भिंत गार व्हाय दोन दीस लागतील," मालनला म्हणाले. "तवर अंगनात निजव त्याला."

सावळजच्या यात्रेला चिरमुरे दुसऱ्या कुणाचे गेले. ती भट्टी परत बांधली नाही. मी तातूबरोबर कोल्ड स्टोरेजमध्ये हमालीला लागलो आणि म्हातारा होईपर्यंत तिथंच राहिलो. पोरं मलाही "थंडी वाजती का?" म्हणून ओरडली.

मालन चमच्यानं दूध पाजायची. पिरा सावकाश प्यायचा. गालांवर थोडं मांस आलं. एकदा तर पोटभर पिऊन तो तिच्याकडं बघून हसला, आणि आप्पा उठून बाहेर गेले. मुंबईची तारीख मिळाली. आम्ही पिशवी भरून ठेवली होती. श्रावणात त्याला सर्दी झाली. साधी सर्दी. एवढ्याशा काळजाला तेवढीही जास्त झाली. मालनच्या मांडीवर गेला. चमच्यात दूध होतं.

भट्टी मोडल्यापासून आप्पांना पाण्याचं मीठ बघायचं कारण उरलं नव्हतं. पण कधी कधी ते नुसतेच बोट जिभेला लावून बसायचे.

आम्हाला परत मूल झालं नाही. मालन घरात पिराचं नाव घ्यायची ते साधंच, कुठं बाहेर गेलेल्या पोराचं घ्यावं तसं.

गेल्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. पाय सुजायचे, उशा रचून बसवावं लागायचं. मी काम सोडून घरीच होतो. एका सकाळी मी तिला तांदळाची पेज भरवत होतो. बाहेर धुकं होतं, शेजारी शेकोटी पेटली होती. तिच्या अंगावर फक्त सुती लुगडं आणि पायावर चादर. चार चमचे घेतले आणि तिनं हातानं थांब म्हणून सांगितलं. धाप लागली होती. थांबलो. परत दोन चमचे घेतले.

तेव्हा तिच्या केसांच्या कडेला बारीक काहीतरी चमकलं.

"उकडतंय का गं?" मी विचारलं. "चादर काढू?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"अवं," ती म्हणाली, "थंडी हाय की बाहेर."

मी तिच्या कपाळावरून बोट फिरवलं. गार होतं. बोट जिभेला लावलं. ती बघत होती.

"ऱ्हायलेली पेज द्या," ती म्हणाली. "सावकाश द्या."

मी चमचा भरला.